गिअर बदलताना येणारे आवाज : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच तक्रारीची आहेत : हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत, गिअर बदलताना किंवा बदलल्यावर, पूर्वी न येणारा आवाज येऊ लागला आहे. कर्र, किर्र, ठक, घूं अशी त्या आवाजांची वर्णने वाचकांनी मोठ्या बारकाईने केली आहेत; पण तो आवाज क्लच दाबलेला असताना येतो की सोडलेला असताना, एकाच गिअरला येतो की सगळ्यांना, गाडी थंड असताना येतो की तापल्यावर, हे लिहायचे अनेकांकडून राहून गेले आहे. दोष शोधणाऱ्याला आवाजाच्या जातीपेक्षा त्याची वेळ अधिक सांगून जाते. ज्या पत्रांत ही माहिती होती, ती येथे उत्तरांसाठी निवडली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे सहा वर्षे जुनी, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आहे. ती ७८,००० किलोमीटर चालली आहे. कामानिमित्त मला कुंभार्ली घाटातून चिपळूणला वरचेवर जावे लागते. दिवाळीपासून तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकताना ‘कर्र’ असा आवाज येतो आणि गिअरचा दांडा हाताला थरथरल्यासारखा लागतो. सकाळी गाडी थंड असताना हा त्रास अधिक होतो. बाकीचे गिअर व्यवस्थित पडतात, रिव्हर्ससुद्धा. गेल्या वर्षी क्लच प्लेट बदलली, त्याच वेळी गिअर ऑइलही बदलले होते. बिलावर ‘ईपी ९०’ असे लिहिले आहे. गॅरेजमध्ये सांगतात की गिअरबॉक्स खाली घेऊन पूर्ण उघडावा लागेल. तसे करावे का?
— एक वाचक, कराड

उत्तर : लगेच करू नये. गॅरेजचे म्हणणे शेवटी खरेही ठरेल, परंतु त्याआधी अगदी थोड्या खर्चात करून पाहण्यासारख्या गोष्टी शिल्लक आहेत, आणि आपल्या बिलावरचे ‘ईपी ९०’, म्हणजे जुन्या पद्धतीचे जाड गिअर ऑइल, ही त्यांतली पहिली.

आधी तो आवाज कशाचा आहे ते पाहू. गिअर टाकणे म्हणजे दोन चाकांचे दाते एकमेकांत घालणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. आजच्या गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याच्या गिअरांची चाके कायम एकमेकांत गुंतलेलीच असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा आतला फोर्क एक स्लीव्ह सरकवतो आणि ती स्लीव्ह हव्या त्या चाकाच्या कडेला असलेल्या बारीक दात्यांवर बसून त्या चाकाला शाफ्टशी जखडते. स्लीव्ह एका वेगाने आणि चाक दुसऱ्याच वेगाने फिरत असेल तर ती बसणार नाही, दात्यांच्या टोकांवर घासत राहील. तोच आपला ‘कर्र’. तो होऊ नये म्हणून त्या दोहोंच्या मध्ये सिंक्रो रिंग असते, जी बहुतेक गाड्यांत पितळेची असते. तिचा आतला निमुळता पृष्ठभाग चाकाच्या निमुळत्या भागावर दाबला जातो, त्या घर्षणाने दोहोंचे वेग सारखे होतात आणि मगच ती स्लीव्हला पुढे जाऊ देते.

सर्वांत आधी दुसऱ्याच गिअरची तक्रार का यावी, याचे उत्तर थोड्या हिशेबात मिळते. दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.९ आणि तिसऱ्याचे १.३ धरले, तर तिसऱ्यात इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवर असताना गाडीचा जो वेग असतो, त्याच वेगाला दुसऱ्यात सुमारे २,९०० फेऱ्या लागतात. क्लच दाबलेला असल्याने इंजिन या कामात हात लावत नाही. क्लच प्लेट, इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणारा इनपुट शाफ्ट आणि त्याच्याशी गुंतलेली सगळी चाके यांना त्या वरच्या ९०० फेऱ्या चढवून देण्याचे काम ती एकटी रिंग करते, तेही दांडा न्यूट्रलमधून दुसऱ्यात जाईपर्यंतच्या क्षणभरात. पाचव्यावरून चौथा टाकताना हा फरक पुष्कळ कमी असतो. घाटात वळणावळणाला तिसरा-दुसरा, दुसरा-तिसरा करणाऱ्याच्या गाडीत दुसऱ्याची रिंग आधी झिजावी, यात नवल नाही.

आता क्लचचा विचार. गिअर कडकडतो अशा पुष्कळ गाड्यांत खरा दोष क्लच पूर्ण न सुटण्याचा असतो आणि गिअरबॉक्स विनाकारण उघडला जातो. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, अशातला तो प्रकार होतो. म्हणून आपण पुढील तपासणी स्वतः करावी. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, इंजिन तापलेले आणि आयडलवर असावे. न्यूट्रलमध्ये असताना क्लच तळापर्यंत दाबावा, तो तसाच धरून मनात पाच-सहा अंक मोजावेत आणि मग रिव्हर्स टाकावा. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो रिंग नसते. त्यामुळे इनपुट शाफ्ट खरोखर थांबला आहे की नाही, हे रिव्हर्स लपवू शकत नाही. एवढे थांबूनही रिव्हर्स कडकडला, तर क्लच दाबलेला असतानाही प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या जड चाकाला, चिकटून फिरत आहे असे समजावे. थांबून टाकल्यावर आवाज येत नाही आणि घाईने टाकला तरच येतो, तर तो दोष नव्हे. काही नव्या गाड्यांत रिव्हर्सलाही सिंक्रो असते. अशा गाडीत क्लच दाबून पहिला गिअर टाकावा आणि ॲक्सिलरेटर थोडा वाढवून गाडी किंचितही पुढे सरकू पाहते का, ते बघावे. समोर माणूस, भिंत वा दुसरे वाहन नाही याची खात्री करूनच हे करावे.

क्लच सुटत नसल्यास कारण नेहमीच मोठे असते असे नाही. केबलच्या क्लचमध्ये केबल ताणून सैल पडते. तेलावर चालणाऱ्या क्लचमध्ये वरच्या किंवा खालच्या सिलिंडरची गळती होते किंवा नळीत हवा शिरते. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांचे तेल एकाच डबीतून जाते, म्हणून त्या डबीतील पातळी वारंवार उतरत असेल तर गिअरची चिंता बाजूला ठेवून आधी ब्रेककडे पाहावे. क्लच पेडलखाली एकावर एक घातलेल्या दोन जाड मॅट हेही कारण असू शकते : पेडल तळाला टेकले असे पायाला वाटते, पण ते बोटभर वरच थांबलेले असते. पैसे खर्च करण्याआधी वाकून एकदा तेवढे पाहून घ्यावे.

आपल्या पत्रानुसार रिव्हर्स नीट पडतो आणि एकच गिअर त्रास देतो. क्लच सुटत नसता, तर पहिला आणि रिव्हर्स सर्वांत आधी कुरकुरले असते. म्हणजे संशय दुसऱ्याच्या सिंक्रोवर आणि ऑइलवर येतो.

ऑइलचा मुद्दा गॅरेजमध्ये सहसा किरकोळ मानला जातो, आणि माझ्या मते तीच मोठी चूक आहे. रिंगने वेग जुळवायचा म्हणजे तिच्या आणि चाकाच्या मधला ऑइलचा थर आधी बाजूला हटला पाहिजे. आजच्या अनेक छोट्या गाड्यांना उत्पादक ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९० असे पातळ ऑइल सांगतात. त्यांत जुन्या पद्धतीचे जाड ९० नंबरचे ऑइल घातले, तर थंड असताना तो थर वेळेत हटत नाही आणि रिंग घसरत राहते. गाडी तापून ऑइल पातळ झाले की त्रास कमी होतो. आपल्या गाडीचे सकाळचे वागणे याच्याशी तंतोतंत जुळते. डब्यावर ऑइलचा दर्जा जीएल-४ आहे की जीएल-५, हेही पाहावे. जीएल-५ हे मुख्यतः मागच्या एक्सलमधील प्रचंड दाबाच्या दात्यांसाठी असते. त्यातील काही ऑइलांची गंधकयुक्त द्रव्ये पितळेला मानवत नाहीत, शिवाय रिंगला जे घर्षण हवे असते तेच ती कमी करतात. गाडीच्या पुस्तिकेत जो दर्जा आणि जी जाडी दिली आहे तीच घालावी. दुकानदार ‘तेच आहे, थोडे भारीतले’ म्हणाला तरी ते घेऊ नये. छोट्या गाडीला साधारण २ लिटरच्या आसपास ऑइल लागते; गिअरबॉक्स उघडण्याच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

जुने ऑइल काढतील तेव्हा आपण तेथे उभे राहावे. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी, मऊ चिखलासारखा थर दिसेल. चिमटीत चोळला की तो विरघळल्यासारखा पसरतो. इतक्या किलोमीटरनंतर तो असायचाच, त्याने घाबरून जाऊ नये. मात्र त्यात नखाने उचलता येतील असे पोलादाचे कण किंवा तुकडे असतील, तर कुठला तरी दाता किंवा बेअरिंग तुटत आहे. पितळ लोहचुंबकाला चिकटत नाही, म्हणून ऑइल पसरट, स्वच्छ भांड्यात धरायला सांगावे आणि उन्हात ते भांडे हळूच कलते करावे. सोनेरी चकाकी ऑइलभर तरंगताना दिसली, तर रिंग झिजून ऑइलमध्ये उतरली आहे असे समजावे.

ऑइल बदलून काही दिवस गाडी चालवल्यावरही आवाज राहिला, तर डबल क्लच करून पाहावे. ट्रक आणि एसटीच्या जुन्या चालकांना ही रीत हाताखालची आहे. तिसऱ्यातून क्लच दाबून न्यूट्रल करावे, क्लच सोडावा, ॲक्सिलरेटरला हलकेच टोचून इंजिनाच्या फेऱ्या वाढवाव्यात, पुन्हा क्लच दाबावा आणि दुसरा टाकावा. मधल्या क्षणी क्लच सोडलेला असल्यामुळे इनपुट शाफ्टला वेग इंजिनच देते आणि रिंगला करायला काम उरत नाही. असे केल्यावर दुसरा आवाज न करता पडला आणि सरळ टाकल्यावर मात्र कडकडला, तर रिंग झिजली आहे. तेव्हा गिअरबॉक्स उघडण्याला इलाज नाही. उघडल्यावर फक्त रिंग बदलून भागते की स्लीव्ह आणि चाकाचे बारीक दातेही गोलसर झाले आहेत, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. टोकदार दाते बोथट झालेले सहज ओळखू येतात, आणि ते तसेच ठेवून नवी रिंग घातली तर ती फार काळ टिकत नाही.

तोपर्यंत गाडी चालवायला हरकत नाही. दुसरा टाकताना दांड्यावर जोर न देता तो रिंगेच्या तोंडाशी क्षणभर टेकवून धरावा, म्हणजे तो आपणहून आत जातो. मात्र उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर दुसरा गिअर आपोआप निघून न्यूट्रल होऊ लागला, तर घाटात जाणे त्याच दिवशी थांबवावे. तेथे इंजिनाचा ब्रेक अचानक सुटणे म्हणजे गाडीचा सगळा भार साध्या ब्रेकवर येणे होय.

प्रश्न : सिग्नलला क्लच दाबून उभी राहिले की गाडीतून ‘किर्र’ असा बारीक आवाज येतो. क्लच सोडला की तो थांबतो. गिअर मात्र छान पडतात. माझे दीर म्हणतात की गिअरबॉक्सचे बेअरिंग गेले आहे आणि गाडी विकून टाकावी. मी गाडी चालवायला शिकून फार दिवस झालेले नाहीत. माझ्या चालवण्याचा यात दोष आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या दिरांनी दोष जवळपास ओळखला आहे, बेअरिंग मात्र वेगळे आहे. क्लच दाबल्यावर येणारा आणि सोडल्यावर थांबणारा आवाज रिलीज बेअरिंगचा असतो. पेडल दाबल्यावर हे बेअरिंग, क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांवर दाबले जाते आणि फिरत्या पाकळ्यांचा भार पेलते. त्याच्यातील ग्रीस सुकले की ते किरकिरू लागते. याच्या अगदी उलट वागणारा आवाज, म्हणजे न्यूट्रलमध्ये पाय काढल्यावर येणारा आणि क्लच दाबताच बंद होणारा, हा गिअरबॉक्समधील इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा असण्याची शक्यता अधिक, कारण क्लच दाबला की तो शाफ्ट फिरायचा थांबतो. डिझेल गाड्यांत न्यूट्रलला होणारी हलकी खडखड मात्र बरेचदा गिअरांच्या दात्यांमधल्या मोकळ्या जागेची किंवा क्लच प्लेटमधील सैल पडलेल्या स्प्रिंगांची असते, आणि तीसुद्धा क्लच दाबल्यावर नाहीशी होते. म्हणून केवळ ‘क्लच दाबल्यावर थांबतो’ एवढ्यावर डिझेल गाडीच्या बेअरिंगला दोषी धरू नये.

चालवण्याच्या सवयीचा संबंध आहे. हे बेअरिंग थोडा थोडा वेळ काम करण्यासाठी घडवलेले असते. लाल दिवा लागलेला असताना पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून उभे राहिले, किंवा रस्त्याने जाताना डावा पाय सवयीने पेडलवर टेकलेला राहिला, तर त्याला विश्रांतीच मिळत नाही. शिकवणीच्या वर्गात ‘पाय क्लचवर तयार ठेवा’ असे सांगतात, ते शिकाऊ माणसापुरते ठीक आहे. पुढे ती सवय सोडावी. दिवा लाल असेल तर न्यूट्रल करावे, हँडब्रेक ओढावा आणि पाय खाली घ्यावा.

गाडी विकण्याचे काहीच कारण नाही. बेअरिंग स्वतः स्वस्त असते. खर्च असतो तो त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा, कारण त्यासाठी गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागतो. म्हणूनच क्लच प्लेट बऱ्यापैकी झिजलेली असेल तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग हा संच एकदमच बदलणे शहाणपणाचे ठरते, आणि त्याच वेळी इंजिनाच्या मागच्या बाजूचे ऑइल सील पाझरत नाही ना, तेही पाहून घ्यावे. काही गाड्यांत बेअरिंग आणि क्लचचा सिलिंडर एकत्रच असतो; तेथे सुट्या बेअरिंगचा आग्रह धरू नये. आवाज बारीक असेपर्यंत शहरात काही काळ गाडी वापरता येते. तो खरखरीत झाला, किंवा पेडलमध्ये थरथर जाणवू लागली, तर मात्र थांबू नये. अडकलेले बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्या खाऊन टाकते.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात आमच्या आवारात पाणी शिरले आणि गाडी रात्रभर दाराच्या पट्टीपर्यंत पाण्यात उभी होती. आदल्या संध्याकाळीच ती लांबच्या प्रवासाहून आली होती. इंजिन सुरू न करता ओढून नेली, इंजिन ऑइल बदलले, आतले कापड वाळवले. आता गिअर जड पडतात आणि वेग घेतला की खालून ‘घूं’ असा आवाज येतो. पाण्याचा काही संबंध असेल का?
— एक वाचक, महाड

उत्तर : दाट शक्यता आहे. पुरातून निघालेल्या गाडीचे इंजिन ऑइल सगळे बदलतात; गिअरबॉक्सची आठवण कोणाला होत नाही. गिअरबॉक्सला वरच्या बाजूला हवा जाण्यायेण्याची एक छोटी वाट असते. प्रवासाहून आलेल्या गाडीचा गिअरबॉक्स गरम असतो. तो पाण्याने वेढला जाऊन थंड होऊ लागला की आतली हवा आकसते आणि त्या वाटेतून किंवा शाफ्टच्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. आपली गाडी नेमकी तशीच तापलेली उभी केलेली होती.

ऑइल काढून पाहावे. ते दुधाळ, फेसाळ निघाले तर पाणी मिसळल्याची खात्री पटते. काही वेळा पाणी तळाशी वेगळे साचलेले असते आणि प्लग सैल करताच आधी नुसते पाणीच येते. ते सगळे गाळून नवे ऑइल घालावे, गाडी थोडे अंतर चालवून गिअरबॉक्स चांगला तापू द्यावा आणि तेही ऑइल पुन्हा काढून टाकावे. एकदा बदलून कोपऱ्याकापऱ्यातले पाणी निघत नाही. या मधल्या फेरीसाठीसुद्धा पुस्तिकेतील दर्जाचेच ऑइल वापरावे, फक्त ते टाकून देण्याची तयारी ठेवावी. गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या दोन्ही बाजूंच्या ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट फाटलेले नाहीत ना, आणि त्यांच्या आतले ग्रीस धुऊन गेले नाही ना, हेही याच वेळी पाहावे.

गिअर जड पडणे यातून बरेचसे सुधारेल. ‘घूं’ आवाजाबाबत मात्र तशी हमी देता येत नाही. पाणी राहिलेल्या बेअरिंगवर गंज चढतो, गोळ्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात आणि ते ऑइलने भरून निघत नाहीत. आवाज गाडी उभी असताना न्यूट्रलमध्येही येतो का, ते बघावे. येत असेल आणि क्लच दाबल्यावर थांबत असेल, तर इनपुट शाफ्टचे बेअरिंग पाहावे लागेल. गाडी चालत असतानाच येत असेल, तर रिकाम्या सरळ रस्त्यावर तोच वेग निरनिराळ्या गिअरमध्ये धरून ऐकावे. एकाच गिअरमध्ये येणारा आवाज त्या गिअरच्या चाकाकडे, तर सगळ्या गिअरमध्ये सारखाच आणि केवळ वेगाबरोबर वाढणारा आवाज आउटपुट शाफ्ट, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे डिफरन्शियल किंवा थेट चाकाच्या बेअरिंगकडे बोट दाखवतो. चाकाची बेअरिंगही पाण्यात होती, हे विसरू नये. गिअरबॉक्सला हात लावण्याआधी गाडी जॅकवर घेऊन प्रत्येक चाक हाताने फिरवून बघावे. रस्त्यावर लांबट, मोठ्या वळणात एका बाजूला वळताना आवाज वाढतो आणि दुसऱ्या बाजूला कमी होतो, असा अनुभव आला तर दोष बहुधा चाकातच निघतो.

याच पत्रात वाचकांनी शेवटी विचारले आहे की पावसाळ्यात महिनाभर उभी राहिलेली दुसरी गाडी क्लच दाबूनही एकही गिअर घेत नाही. दमट हवेत फ्लायव्हीलवर गंज धरून क्लच प्लेट त्याला चिकटते, तसे झालेले असणार. मेकॅनिकला बोलावून ती सोडवून घ्यावी. स्वतः गिअरमध्ये ठेवून स्टार्टर मारण्याचा प्रयोग आवारात करू नये, कारण ती सुटली नाही तर गाडी तशीच पुढे झेपावते.

प्रश्न : गिअर पडताना काही आवाज नाही, परंतु क्लच सोडून ॲक्सिलरेटर दिला की खालून ‘ठक’ असा आवाज येतो, आणि ॲक्सिलरेटर सोडला की पुन्हा एकदा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्ये तो ठळक ऐकू येतो. एका मेकॅनिकने गिअरबॉक्स सांगितला, दुसऱ्याने सस्पेन्शन.
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : ताकदीची दिशा बदलताना येणारा हा ठोका आहे. गिअरबॉक्सच्या आतला दोष असा वागणे विरळाच. आपली गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल, तर पहिला संशय इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या माउंटिंगवर, विशेषतः खालच्या बाजूने इंजिनाला मागेपुढे डुलण्यापासून रोखणाऱ्या टॉर्क रॉडच्या बुशवर घ्यावा. रबर फाटले की इंजिन प्रत्येक धक्क्याला डुलते आणि कुठे तरी आदळते. बॉनेट उघडून, हँडब्रेक आणि फूटब्रेक दोन्ही लावून, चालकाने पहिल्यात आणि मग रिव्हर्समध्ये क्लच अगदी धरण्यापुरता सोडावा; दुसऱ्याने बाजूला उभे राहून इंजिन किती उसळते ते बघावे. गाडीच्या समोर किंवा मागे कोणीही उभे राहू नये. किंचित हालचाल असायचीच, पण इंजिन उचलल्यासारखे झाले तर माउंटिंग गेले आहे. माउंटिंग धड असतील तर ड्राइव्ह शाफ्टचे गिअरबॉक्सकडचे जॉइंट तपासावेत. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवल्यावर टक-टक-टक असा आवाज आला, तर दोष चाकाकडच्या जॉइंटमध्ये आहे.

ओम्नी, ईको, बोलेरो यांसारख्या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत हाच ठोका बहुतेक वेळा गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या सांध्याचा, म्हणजे क्रॉसचा असतो. चाकांना पुढेमागे अडण लावावी, न्यूट्रल करावे, शाफ्ट दोन्ही हातांनी धरून उलटसुलट पिळावा. क्रॉसमध्ये ढिलेपणा असेल तर तो हाताला लगेच कळतो. ग्रीस भरण्याचे निपल असलेल्या क्रॉसला वेळच्या वेळी ग्रीस मिळाले तर ही वेळ फार उशिरा येते. डिफरन्शियलमध्ये थोडी मोकळीक असतेच, तिला क्रॉसचा दोष समजू नये. सस्पेन्शनचा ठोका खड्ड्यांवरही येतो; गुळगुळीत रस्त्यावर फक्त ॲक्सिलरेटरच्या हुकमाने येणारा ठोका सस्पेन्शनचा सहसा नसतो. तरीही खालच्या आर्मचे मागचे बुश फाटलेले असेल तर चाक मागेपुढे सरकून असा आवाज होऊ शकतो. आपल्या दुसऱ्या मेकॅनिकचे म्हणणे त्या मर्यादेत खरे असू शकते.

प्रश्न : रिव्हर्समध्ये गाडी मोठ्याने ‘उंई’ करते. नवी घेतल्यापासून तसेच आहे. दुरुस्ती करावी का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नको. पुढच्या गिअरांचे दाते तिरपे कापलेले असतात, त्यामुळे ते हळूहळू एकमेकांवर चढतात आणि आवाज करत नाहीत. रिव्हर्सचे दाते पुष्कळ गाड्यांत सरळ असतात आणि सरळ दाते बोलतात. हा आवाज अलीकडे वाढला आहे असे वाटले, तरच गिअर ऑइलची पातळी तपासून घ्यावी. तीही गाडी सपाट जागी उभी करून, कारण उतारावर पाहिलेली पातळी खोटी दिसते.